'शारदा' आणि 'सारडा' : एका गैरसमजाच्या निमित्ताने कलेच्या सामाजिक कार्याचा विचार

१

'शारदा कायदा' हे शब्द कानावर पडले की मराठी माणसाच्या मनात गोविंद बल्लाळ देवलांची नायिका उभी राहते. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या नाटकाने घडविलेल्या लोकमताचे फळ होय आणि म्हणूनच त्याला त्या नाटकाचे नाव मिळाले, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. हे विधेयक अजमेरचे हरबिलास सारडा यांनी १९२७ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले आणि त्यांच्याच आडनावावरून कायद्याला लोकव्यवहारात 'सारडा कायदा' म्हणू लागले. 'सारडा'चे 'शारदा' झाले ते ध्वनिसाम्यामुळे. ज्या भाषकांच्या स्मरणात एक शारदा आधीच वसलेली होती, त्यांना ते रूपांतर इतके स्वाभाविक वाटले की त्याची शंकाही आली नाही.

एवढे सांगून गैरसमज दुरुस्त करता येतो. परंतु त्याने प्रश्न संपत नाही, उलट तेथे तो सुरू होतो. संपूर्ण समाजाने एखादी चूक इतक्या सहजतेने का करावी? ज्या कायद्यामागे न्यायालयीन खटले, संस्थानी कायदे, चौकशी समित्या आणि स्त्रियांच्या संघटना यांचा जवळजवळ अर्धशतकाचा इतिहास आहे, त्याचे श्रेय एका नाटकाला देण्यात समाजाला कोणते समाधान मिळते? कला व्यक्तीला समाजात मुरविते, तिच्या भावनांना वळण लावते, काय लाजिरवाणे आणि काय गौरवाचे हे तिला शिकविते, असे आपण समाजशास्त्राच्या आधाराने म्हणतो. मराठी समीक्षेत याच विधानाचा सोपा अवतार म्हणजे 'नाटकाने समाज सुधारला' हे वाक्य. प्रस्तुत लेखात 'शारदा'च्या उदाहरणावरून हे वाक्य तपासून पाहावयाचे आहे. नाटकाने काहीच केले नाही, असे येथे म्हणावयाचे नाही. त्याने जे केले ते आपण समजतो त्यापेक्षा वेगळे होते आणि त्याची किंमतही होती, एवढेच दाखवावयाचे आहे.

२

प्रथम कायद्याच्या बाजूचा इतिहास थोडक्यात पाहू. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेले वैधव्य या विषयांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजी यांनी पत्नी रुखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि पतीच्या घरी कधीच न गेलेल्या रुखमाबाईने जाण्यास नकार दिला. १८८५ चा पहिला निकाल तिच्या बाजूचा होता. अपिलानंतर १८८७ मध्ये मात्र तिने एक तर पतीकडे जावे किंवा सहा महिने तुरुंगात जावे, असा आदेश झाला. तिने तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे ती इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाली. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमामुळे मरण पावली आणि १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. टिळकांनी त्याला केलेला विरोध आणि आगरकरांनी दिलेला पाठिंबा सर्वपरिचित आहे.

यानंतरचे दोन टप्पे मराठी चर्चेत क्वचितच येतात. १८९४ मध्ये म्हैसूर संस्थानाने आठ वर्षांखालील मुलींचे विवाह तर बंद केलेच. शिवाय पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करणे हाही गुन्हा ठरविला. म्हणजे देवलांचे नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी पाच वर्षे 'बाला-जरठ' विवाहावर एका भारतीय संस्थानात कायदेशीर बंदी आलेली होती. १९०४ मध्ये बडोद्यात सयाजीरावांनी मुलीसाठी बारा आणि मुलासाठी सोळा ही किमान वये ठरविली.

तिसरा टप्पा १९२७ पासूनचा. त्या वर्षाच्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परिषद मुळात शिक्षणाच्या प्रश्नासाठी बोलाविलेली होती. परंतु मुलीचे लग्न लवकर होते म्हणून तिचे शिक्षण थांबते, हे प्रत्येकीला ठाऊक होते आणि त्यामुळे विवाहवयाचा प्रश्न तेथे अपरिहार्यपणे आला. सारडांच्या विधेयकामागे पुढे याच परिषदेने आपली शक्ती उभी केली. दरम्यान सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समिती नेमली गेली. रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्य होत्या. समितीने देशभर साक्षी नोंदविल्या आणि १९२९ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी कायदा संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. मुलीचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले.

या सर्व घडामोडींत 'शारदा' नाटकाला दुव्याचे स्थान देता येईल असा प्रसंग नाही. अजमेरच्या सारडांना मराठी नाटकाची गरज नव्हती. एवढ्यावरून मात्र नाटकाला निकालात काढणे ही दुसरी चूक ठरेल. कायदा आणि कला यांच्यात कार्यकारणाची सरळ रेषा ओढणे हाच मुळी पद्धतीचा दोष आहे. नाटकाचे कार्य पाहावयाचे तर ते विधिमंडळात शोधून चालणार नाही. नाट्यगृहात आणि नाटक पाहून परतणाऱ्या माणसांच्या घरात ते शोधावयास हवे.

३

'शारदा' हे देवलांचे एकमेव स्वतंत्र नाटक. त्यांची इतर नाटके संस्कृत, इंग्रजी किंवा फ्रेंच मुळावरून आलेली आहेत. किर्लोस्कर नाटक मंडळीने १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून संगीत नाटकाचा प्रेक्षक राजे, ऋषी आणि अप्सरा यांच्या तोंडी पदे ऐकण्यास सरावला होता. त्याच मंडळीच्या रंगमंचावर 'शारदा'मध्ये प्रथमच त्याच्या स्वतःच्या आळीतील माणसे गाऊ लागली : मुलगी विकावयास निघालेला कांचनभट, तिची असहाय आई इंदिराकाकू, लग्नाची दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित, बोहल्यावर चढावयास उत्सुक असलेला म्हातारा भुजंगनाथ, आणि ज्या मुलीचे हे सारे चालले आहे ती शारदा.

हा बदल केवळ विषयाचा नाही. साकी, दिंडी यांसारख्या चाली प्रेक्षकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, कानांत आधीपासून होत्या. त्यांत बसविलेली पदे नाट्यगृहातून घरी नेण्यास कोणतीही तालीम लागत नव्हती. ज्या घरात मुलीच्या लग्नासंबंधी मुलीने बोलणे हा उद्धटपणा होता, त्या घरात आता लग्नाच्या भीतीचे पद गुणगुणणे शक्य झाले. गाणे म्हणून जे म्हणता येते ते बोलणे म्हणून म्हणता येत नाही; ही सवलत लोकगीतांनी स्त्रियांना पूर्वीही दिली होती. जात्यावरच्या ओवीत सासुरवासाचे दुःख शतकानुशतके सांगितले गेले होते. परंतु ओवी बायकांनी बायकांना सांगितलेली असे. 'शारदा'ने ते दुःख तिकीट काढून बसलेल्या पुरुषांना ऐकविले. मुलगी ही लग्नव्यवहारातील वस्तू नसून त्या व्यवहाराकडे आतून पाहणारे एक मन आहे, ही जाणीव सार्वजनिक जागी सामूहिकपणे अनुभवली गेली. रेमंड विल्यम्सने ज्याला एखाद्या काळाची भावरचना म्हटले आहे, तिच्यात घडलेला हा बदल आहे. तो कायद्याच्या कलमांत सापडत नाही, म्हणून तो घडलाच नाही असे होत नाही.

दुसरे कार्य हास्याचे. 'शारदा' पाहून प्रेक्षक रडले तसे भरपूर हसलेही. तारुण्याचा आव आणणारा भुजंगनाथ हा मराठी रंगभूमीवरील अविस्मरणीय विनोदी पात्रांपैकी एक होय. हास्य हे समाजाचे शिक्षासाधन आहे, चाकोरीबाहेर गेलेल्याला समाज हसून ताळ्यावर आणतो, असा सिद्धान्त बर्गसाँने आपल्या हास्यविषयक ग्रंथात १९०० मध्ये, म्हणजे 'शारदा'नंतर एकाच वर्षाने मांडला. 'भुजंगनाथ' हे विशेषनाम पाहता पाहता सामान्यनाम झाले. उतारवयात मुंडावळ्या बांधणाऱ्याला आता शास्त्राचा आधार असला तरी गावाच्या हसण्यापासून संरक्षण उरले नाही. कोणत्याही दंडसंहितेला सहज न जमणारे हे काम आहे, आणि ते नाटकाने केले.

४

येथवरचे विवेचन 'नाटकाने समाज सुधारला' या वाक्याच्या बाजूचे झाले. परंतु नाटकाने प्रेक्षकाला नेमके कशाला हसावयास शिकविले आणि कशाकडे पाहू दिले नाही, हेही विचारावयास हवे.

जरठविवाह होत असत ते कशामुळे? मुलींची लग्ने ऋतुप्राप्तीपूर्वी उरकण्याचा नियम होता. बाळंतपणात स्त्रिया मरत. विधुराला पुन्हा लग्नाची मुभा होती. विधवेला १८५६ च्या कायद्याने परवानगी दिलेली असली तरी समाजाने दिलेली नव्हती. अशा व्यवस्थेत तिशी-चाळिशीतल्या विधुराला उपलब्ध असणारी वधू लहान मुलगीच असणार. यासाठी तो लंपट असण्याची गरज नव्हती. न्यायमूर्ती रानडे हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या रानड्यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. रमाबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात (१९१०) या संसाराची हकीकत लिहून ठेवली आहे. रानडे भुजंगनाथ नव्हते. परंतु ज्या यंत्रात भुजंगनाथ तयार होतो त्याच यंत्रात तेही सापडले होते. या यंत्रातून बाहेर पडण्याची वाट कोणती, हे धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये दाखविले : विधुराने विधवेशी विवाह करावा. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. म्हणजे 'शारदा' लिहिली जात असताना हा पर्याय पुण्याच्या परिसरात प्रत्यक्ष, डोळ्यांसमोर उभा होता आणि त्याची सामाजिक किंमत कर्वे मोजत होते.

नाटकाने हा पर्याय उचलला नाही. त्याने व्यवस्थेच्या दोषाचे रूपांतर दोन माणसांच्या दुर्गुणांत केले : कांचनभटाचा लोभ आणि भुजंगनाथाची वासना. त्यामुळे समोरच्या प्रेक्षकाला सुटका मिळाली. दहा वर्षांच्या मुलीचे वीस वर्षांच्या मुलाशी लग्न लावून आलेला बाप भुजंगनाथाला मनमुराद हसू शकत होता. आपल्या घरी जे घडले ते यापेक्षा वेगळे, योग्य वयाचे स्थळ होते, अशी ग्वाहीच ते हास्य त्याला देत होते.

कथानकाची सोडवणूक तर अधिकच बोलकी आहे. कोदंड हा तरुण ऐन विवाहप्रसंगी मांडवात येऊन वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघड करतो, आणि लग्न मोडते. म्हणजे हा विवाह अन्याय्य आहे म्हणून थांबत नाही. मुलीला तो नको आहे म्हणूनही थांबत नाही. तो अशास्त्रीय आहे म्हणून थांबतो. गोत्र वेगळे असते तर नाटकाच्या तर्काप्रमाणे तो पार पडला असता. पुढे, मांडवातून परतलेली म्हणून कलंकित झालेली शारदा नदीत जीव द्यावयास निघते. कोदंड तिला वाचवितो आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्यांचा विवाह ठरतो. ज्या धर्मव्यवस्थेने प्रश्न निर्माण केला तिच्याच सर्वोच्च पीठाकडून उत्तर मिळाल्याचा दिलासा घेऊन प्रेक्षक घरी जातो.

देवलांच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात महाराष्ट्र दुभंगला होता. परकीय सरकारने आमच्या घरात शिरू नये, ही भावना तीव्र होती. त्या वातावरणात उघड सुधारकी नाटक लिहिले असते तर ते सुधारकांनीच पाहिले असते. तरुणींच्या शिक्षणाची टर उडविणारी नारायण बापूजी कानिटकर यांची 'तरुणीशिक्षण नाटिका' (१८८६) अजून विस्मृतीत गेलेली नव्हती. रंगभूमी समाजाला उलट्या दिशेनेही वळण लावू शकते, याचा तो पुरावा होता. सगोत्राची युक्ती वापरून देवलांनी सनातनी प्रेक्षकालाही जरठविवाहाच्या विरोधात टाळी देण्याची सोय करून दिली. प्रेक्षकाच्या संस्कारांशी सर्वस्वी फारकत घेणारी कला त्याच्यावर संस्कार करू शकत नाही. आणि त्यांच्याशी पूर्ण जुळवून घेणारी कला त्याला काही नवे देऊ शकत नाही. 'शारदा' या दोहोंमधील तडजोड आहे. ती यशस्वी ठरली आणि यशस्वी ठरल्यामुळेच तिच्या मर्यादा पुढील पिढ्यांच्या दृष्टीच्या मर्यादा झाल्या.

५

रुखमाबाई आणि शारदा यांना शेजारी उभे केले की ही किंमत स्पष्ट होते. दोघीही लग्नाने घेरलेल्या मुली. रुखमाबाई इंग्रजी वृत्तपत्रात 'एक हिंदू स्त्री' या नावाने पत्रे लिहिते, न्यायालयात उभी राहते, तुरुंग पत्करते. शारदा गाते, रडते, नदीकडे धावते. 'केसरी'ने रुखमाबाईविरुद्ध लेखणी चालविली. शारदेसाठी मात्र त्याच पुण्याने अश्रू ढाळले. हा फरक केवळ वास्तव आणि कल्पित यांमधला नाही. एक नकार देते, दुसरी विलाप करते. विलापाला ऐकणाऱ्याकडून करुणेखेरीज काही नको असते. नकार त्याच्याकडून अधिकार मागतो. एका पुरुषाने लिहिलेली, पुरुष नटाने साकारलेली आणि दुसऱ्या पुरुषाने वाचविलेली मुलगी समाजाने जवळ केली. स्वतःच्या शब्दांत बोलणारी मुलगी मात्र दूर ठेवली. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) या पुस्तकात तत्कालीन ललित लेखनातील स्त्रीप्रतिमांवर जो संताप व्यक्त केला आहे, त्याचे मर्म येथे पुन्हा जाणवते : प्रश्न प्रतिमा चांगली की वाईट हा नसून ती कोणाच्या हातून उमटते हा आहे.

या दृष्टीने पाहिले असता १९३७ मधील प्रभातचा 'कुंकू' हा चित्रपट 'शारदा'ला दिलेले उत्तर वाटतो. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेल्या आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात फसवणुकीने म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला पती मानण्याचे स्पष्ट नाकारते. येथे लग्न आधीच लागून गेले आहे. कोणी कोदंड येत नाही. आणि म्हातारा काकासाहेब हास्यास्पद नाही, तर स्वतःचा अपराध उमजण्याइतका सुसंस्कृत आहे. अडतीस वर्षांच्या अंतराने मुलगी विलापाकडून नकारापर्यंत आली. मध्यंतरी स्त्रियांच्या परिषदा भरल्या होत्या, साक्षी झाल्या होत्या, कायदा झाला होता. अखेरीस काकासाहेबाच्या आत्महत्येनेच कोंडी फुटते, ही त्याही कलाकृतीची मर्यादा होय. परंतु समाजातील चळवळ कलेला कोठवर पुढे नेऊ शकते, हे येथे दिसते. कलेने समाज घडविला हे वाक्य जितके खरे, तितकेच समाजाने कला घडविली हेही खरे.

६

आता आरंभीच्या गैरसमजाकडे परत येता येईल. १९२९ चा कायदा आणि 'शारदा' नाटक हे एकमेकांचे पूरकही नव्हते, हे पाहिले म्हणजे तो गैरसमज अधिकच विलक्षण वाटू लागतो. कायद्याने किमान वय ठरविले, वयातील अंतराला हात लावला नाही. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीशी सत्तर वर्षांच्या पुरुषाने लग्न केले तर त्या कायद्याखाली तो गुन्हा नव्हता. उलट नाटकाने वयातील अंतराला लक्ष्य केले, बालविवाहाला नाही. म्हणजे कायद्याने 'शारदा'चा प्रश्न सोडविला नाही आणि 'शारदा'ने कायद्याचा प्रश्न विचारला नव्हता. तरीही लोकस्मृतीने दोहोंची गाठ घातली.

या गाठीत दोन गोष्टी एकदम आहेत. एक कृतज्ञता आहे, आणि ती खोटी नाही : कायद्याच्या कोरड्या भाषेमागे असलेल्या मुलीला चेहरा आणि आवाज देवलांनी दिला, हे समाजाने ओळखले. दुसरे विस्मरण आहे. कायद्याला नाटकाचे नाव दिल्याने रुखमाबाईचा नकार, फुलमणीचा मृत्यू, पुण्यातील १९२७ चे अधिवेशन आणि समितीपुढे बोललेल्या स्त्रिया हे सारे एका कल्पित मुलीच्या पदराआड गेले. संघर्षाच्या इतिहासाची जागा सहृदयतेच्या इतिहासाने घेतली. आम्ही मुलींच्या दुःखाने हेलावलो आणि म्हणून सुधारलो, असे म्हणणे सुखद असते; त्यांनी भांडून आम्हांला भाग पाडले, असे म्हणणे तितके सुखद नसते.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणारे आईबाप मागे राहणाऱ्या मुलीच्या काळजीने तिचे लग्न लवकर उरकतात. या लग्नांत बहुधा कोणी भुजंगनाथ नसतो. वर कोवळ्या वयाचा असतो, बाप लोभी नसून धास्तावलेला असतो. खलपुरुष शोधावयास शिकलेल्या आपल्या नजरेला येथे अन्याय दिसत नाही, कारण आपल्या भावनिक शिक्षणातील अन्यायाला म्हाताऱ्याचा चेहरा आहे. एका थोर नाटकाने आपल्याला एक गोष्ट पाहावयास शिकविले आणि त्याच वेळी तिच्या शेजारची गोष्ट न पाहण्याची सवय लावली. कलेच्या सामाजिक कार्याची चर्चा करताना या दोन्ही नोंदी एकाच वहीत ठेवणे हे समीक्षेचे काम आहे.